राणीच्या बागेत जाण्यापूर्वी

मे महिना जवळ आला की घरोघरी एकच विषय निघतो : मुलांना सुटी लागली, त्यांना न्यावे कुठे? आमच्या बालपणी या प्रश्नाला उत्तर शोधावे लागत नसे. मामाचे गाव असे, आमराई असे, विहीर असे. दोन महिने कसे सरत ते कळतही नसे. आता मामाही शहरात आणि भाचेही शहरात. म्हणून सुटीतला प्रत्येक दिवस मोठ्यांना आखावा लागतो.

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस डोंबिवलीतल्या आमच्या घरी हा विषय निघाला. सांगलीहून कन्या आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. घरात चिरंजीव, सूनबाई, त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि आम्ही दोघे. अशी सात माणसे जेवणानंतर बैठकीत बसली असता नातवाने एका दमात सांगून टाकले, "मला पेंग्विन बघायचे आहेत." त्याला कोणी विरोध केला नाही. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या राणीच्या बागेत, जायचे ठरले.

सदतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे कोणतेही काम कागदावर उतरल्याशिवाय सुरू करणे मला जमत नाही. मी कोरा कागद घेतला, मधोमध रेघ ओढली आणि दिवस, गाडी, वेळ, खर्च असे रकाने पाडू लागलो. नात शेजारी बसून पाहत होती. ती गेली चार वर्षे रविवारच्या पाठशाळेत जाते. थोड्या वेळाने तिने विचारले,

"आजोबा, नेमिनाथ भगवान लग्नाला निघाले होते, तेव्हा त्यांनी वाटेत वाड्यात कोंडलेले प्राणी पाहिले. मग त्यांनी काय केले?"

"रथ मागे फिरवला," मी कौतुकाने म्हणालो. पाठशाळेचे शुल्क सार्थकी लागल्याचे समाधान माझ्या स्वरात असावे.

"मग आपण तिकीट काढून आत का जाणार?"

माझी लेखणी तिथेच थांबली. सौ. आतून म्हणाल्या, "बरोबर विचारते आहे ती. आणि वाघाला काय खायला घालतात, तेही त्या कागदावर लिहा. आपल्या तिकिटाचे पैसे त्यातही जाणार."

न टाळता येणारा प्रश्न

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. राजुलशी विवाह करण्यासाठी निघालेल्या बाविसाव्या तीर्थंकरांची कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, मुलांना सांगतही आलो आहे. मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी मांडवाकडे पाठ फिरवली आणि गिरनारची वाट धरली. परंतु ही कथा आणि राणीची बाग या दोन गोष्टी मी आजवर कधीही एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण स्वाध्यायात म्हणतो : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतला पहिलाच 'बंध', म्हणजे जिवाला बांधून अथवा कोंडून ठेवणे. अकरा वर्षांच्या मुलीने नेमके तिथेच बोट ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला मला ठाऊक असलेली उत्तरे दिली. ती येथेही लिहितो, कारण हा प्रश्न इतर घरांतही विचारला जात असणार.

पहिले उत्तर हेतूचे. नेमिनाथांनी पाहिलेला वाडा वधासाठी होता. आजच्या प्राणिसंग्रहालयाचा हेतू तो नाही. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेविना कोणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही.

दुसरे उत्तर उपयोगाचे. घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची सुसर, १९७० च्या दशकात आपल्या नद्यांतून नाहीशी होण्याच्या बेतात होती. १९७५ पासून तिच्या रक्षणाचा प्रकल्प राबवला गेला. नदीकाठची अंडी गोळा करून, पिल्ले सुरक्षित ठिकाणी वाढवून ती चंबळसारख्या नद्यांत सोडण्यात आली. बंदिस्त जागेत घडियालची पिल्ले जन्मण्याचा पहिला प्रसंग १९८० साली ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात घडला. म्हणजे कुंपणाच्या आत वाढलेला जीव कुंपणाबाहेरच्या आपल्या कुळाला तारू शकतो.

तिसरे उत्तर व्यवहाराचे. प्राणिसंग्रहालयातले कित्येक प्राणी तिथेच जन्मलेले असतात, काही जखमी किंवा पोरके म्हणून आणलेले असतात. उद्या दार उघडले तरी त्यांना शिकार साधणार नाही, शत्रूही ओळखता येणार नाही. त्यांना सोडून देणे ही दया ठरणार नाही.

नातीने तिन्ही उत्तरे शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "तरी दाराला कुलूप असतेच ना, आजोबा?"

"असते," मी म्हणालो. याहून अधिक खरे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

१९८९ सालचे एक छायाचित्र

त्याच संध्याकाळी मी कपाटातून जुना अल्बम काढला. त्यात १९८९ सालचे एक छायाचित्र आहे. चिरंजीव चार वर्षांचे, माझ्या खांद्यावर बसलेले, मागे राणीच्या बागेतला माकडांचा पिंजरा. छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेले होते. त्यानंतर काय घडले, ते मात्र मी सौ.खेरीज कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी नातीला सांगितले.

त्या काळी पिंजऱ्यापाशी उभे राहून शेंगदाणे, फुटाणे, केळी आत टाकणे यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मीही अर्धा डझन केळी घेतली होती. मुलगा टाळ्या पिटत होता आणि मी एकेक केळे टाकत होतो. शेवटची दोन केळी काढण्याचाही आळस केला आणि पातळ प्लास्टिकच्या पिशवीसकट ती आत फेकली. एका माकडाने ती झेलली, केळी खाल्ली आणि मग तो पिशवीच चावू लागला. राखणदार धावत आला. त्याने हाका मारल्या, दुसरे खाणे दाखवले. परंतु माकड पिशवी घेऊन वरच्या फांदीवर जाऊन बसले. राखणदाराने माझ्याकडे वळून एवढेच म्हटले, "साहेब, तुम्ही शिकलेले दिसता." मी मुलाचा हात धरला आणि तिथून निघालो.

त्या माकडाचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. पुढच्या रविवारी जाऊन चौकशी करता आली असती, गेलो नाही. प्लास्टिक पोटात जाऊन आतडे अडते आणि जनावर तडफडून मरते, हे मला पुढे वाचनातून कळले. पर्युषणात प्रतिक्रमणाला बसलो की जे प्रसंग आठवतात, त्यांत हा एक असतो. मी ते दान म्हणून केले होते. जिवाला खाऊ घालणे यात पाप असेल, असे मनातही आले नव्हते.

नात बराच वेळ छायाचित्राकडे पाहत राहिली. "मग त्याला बघायला तुम्ही परत गेलाच नाहीत?"

"नाही."

"मग आता जाऊ या," ती म्हणाली. "पण माझ्या तीन अटी आहेत."

तिने माझा कागद ओढून घेतला आणि उजव्या रकान्यात लिहिले : एक, पिंजऱ्यापाशी कोणीही खायची वस्तू न्यायची नाही. दोन, कोणी ओरडायचे नाही, काचेवर मारायचे नाही. दुसऱ्या कोणी मारले तर आजोबांनी त्याला सांगायचे. तीन, तिकिटाला जितके पैसे लागतील तितकेच पांजरपोळीला द्यायचे. सौ.नी त्या कागदाखाली आपली सही केली. वाघाच्या आहाराचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. परंतु आपल्याकडील अनेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस आहार न देण्याची पद्धत आहे, हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांचाही उपवास असतो. बरे आहे."

आखणी

आता प्रत्यक्ष नियोजनाविषयी. ते तपशिलाने लिहितो, कारण वयोवृद्ध आणि बालक एकत्र नेताना बारीकसारीक गोष्टींनीच सहल सुखाची किंवा त्रासाची होते.

दिवस कोणता? राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांना प्रवेश नसावा, असा देशातील सर्व प्राणिसंग्रहालयांना नियमच आहे. प्राण्यांनाही माणसांच्या नजरांपासून सुटी मिळावी, ही त्यामागची दृष्टी मला फार आवडली. रविवारी गर्दी उसळते, शिवाय मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. इतर दिवशी सकाळच्या गाड्यांत डोंबिवलीहून मुलांना घेऊन शिरणे म्हणजे धाडसच. म्हणून आम्ही महिन्यातला दुसरा शनिवार निवडला. चिरंजीवही बँकेत असल्याने त्यांना त्या दिवशी सुटी होती.

वेळ कोणती? मुंबईच्या मे महिन्यात ऊन आणि दमटपणा दोन्ही असतात. दुपारी बारानंतर माणसाप्रमाणे प्राणीही सावलीला जाऊन पडतात. मग मुले "काहीच दिसत नाही" म्हणून कुरकुरतात आणि काही लोक झोपलेल्या प्राण्याला उठवण्यासाठी आरडाओरडा करतात. सकाळी बाग उघडते तेव्हाच, म्हणजे साधारणतः साडेनऊला, आत जावे आणि बाराच्या सुमारास बाहेर पडावे. हे आपल्या प्रकृतीलाही मानवते आणि त्यांच्याही. निघण्यापूर्वी वेळ आणि दर यांची खातरजमा अवश्य करावी. २०१७ पासून प्रौढांना ५० रुपये आणि दोन प्रौढ व दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये असा दर होता. तिकीट ऑनलाइनही काढता येते, त्यामुळे उन्हात रांगेत उभे राहणे टळते.

खाणेपिणे काय? न्याहारी घरून करून निघावे. आम्ही दशम्या, कोरडी चटणी आणि काकड्या बांधून घेतल्या, त्या बागेत खाण्यासाठी नव्हेत, तर नंतरसाठी. पाणी गाळून, उकळून, निववून स्टीलच्या बाटल्यांत भरले. दोन बाटल्यांत कैरीचे पन्हे घेतले. प्लास्टिकची एकही पिशवी सोबत घेतली नाही. कापडी पिशवीत टोप्या, दोन पंचे, सौ.ची रक्तदाबाची गोळी आणि मुलांसाठी एक वही. कपडे सुती आणि फिके. भडक रंग आणि तीव्र सुगंध टाळलेलेच बरे.

काय पाहायचे? येथे बहुतेक कुटुंबे चुकतात. सगळे पाहून पैसे वसूल करायचे, या हिशोबाने धावपळ करतात. मुले थकतात, मोठे वैतागतात आणि शेवटी कोणालाच काही नीट आठवत नाही. आम्ही फक्त पाच ठिकाणे ठरवली आणि प्रत्येक ठिकाणी किमान पंधरा मिनिटे थांबायचे ठरवले. नातवाला वेगळेच काम दिले. त्याला तीर्थंकरांची लांछने पाठ आहेत. अजितनाथांचा हत्ती, अभिनंदननाथांचे वानर, पुष्पदंतांची मगर, शांतिनाथांचे हरिण, मुनिसुव्रतनाथांचे कासव अशी यादी त्याने वहीत लिहिली आणि जे दिसेल त्यापुढे खूण करायची ठरवली. आपल्या मंदिरांत प्रत्येक मूर्तीच्या पायथ्याशी बहुधा एखादा प्राणी कोरलेला असतो. मुले तो रोज पाहतात. परंतु त्याचे खरे रूप किती मुलांनी पाहिलेले असते?

तो शनिवार

सकाळी साडेआठच्या सुमारास आम्ही भायखळ्याला उतरलो. प्रथम स्थानकाच्या पूर्वेकडील, बागेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर असलेल्या शेठ मोतीशांच्या आदिनाथ मंदिरात दर्शन घेतले. शत्रुंजयावर मोतीशा टुंक पाहिलेल्या वाचकांना हे नाव नवे नाही. परंतु मुलांना मी त्यांची दुसरी ओळख सांगितली. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली, तेव्हा शहरात मोठा असंतोष उसळला होता. त्यानंतर १८३४ साली शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. एक जैन, एक पारशी. दोघांनी मिळून मुक्या जिवांसाठी जागा केली. नातीने विचारले, "पांजरपोळीलाही कुंपण असते ना?" मी हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही, पण विचार करीत होती हे दिसत होते.

बाग उघडताच आत गेलो. ही बाग १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन या नावाने खुली झाली, म्हणून ती राणीची बाग. पन्नासहून अधिक एकरांचा हा परिसर आधी वृक्षांचा आहे, मग प्राण्यांचा, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आफ्रिकेतील गोरखचिंच, ब्रह्मदेशातील उर्वशी, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती असे दूरदेशीचे वृक्ष येथे दीड शतक सावली देत उभे आहेत. मे महिन्यातल्या मुंबईत ही सावली म्हणजे वरदानच. कैलासपतीचे फूल हातात घेऊन सौ. दहा मिनिटे एका बाकावर बसून राहिल्या. त्यांची सहल तिथेच सार्थकी लागली.

नातवाचा पहिला हत्ती दगडाचा निघाला. घारापुरी बेटावरचा जो पाषाणाचा हत्ती पाहून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिले, तो या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाजवळ उभा आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला. पुढे तुकडे येथे आणून १९१४ साली सांधण्यात आले. "दगडाचा चालेल का?" नातवाने विचारले. मंदिरातलाही दगडाचाच असतो, असे सांगितल्यावर त्याने समाधानाने खूण केली.

पेंग्विनांच्या दालनात शिरताच बाहेरच्या उष्म्याचा विसर पडतो. २०१६ साली दक्षिण कोरियातील सोल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन येथे आणले गेले आणि २०१७ च्या मार्चमध्ये ते लोकांना पाहण्यास खुले झाले. त्यांतला एक आल्यानंतर काही महिन्यांतच दगावला. पुढे येथेच पिल्ले जन्मून त्यांची संख्या मूळच्या दुपटीहून अधिक झाली. नातवाची कल्पना अशी की पेंग्विन म्हणजे बर्फच. मी त्याला सांगितले की हे पेंग्विन पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यांवरचे; तिथे बर्फ नसते, थंड पाण्याचा सागरी प्रवाह असतो, आणि त्या प्रवाहाचेच नाव या पक्ष्यांना मिळाले आहे. पाण्याखाली ते पंखांनी पोहत नसून जणू उडत असतात. पंधरा मिनिटे थांबल्यामुळे हे त्याने स्वतः पाहिले. शेजारून तेवढ्या वेळात कितीतरी कुटुंबे मोबाइल उंचावून पुढे निघून गेली.

वाघाच्या काचेपाशी मात्र माझी परीक्षा झाली. वाघ आमच्याकडे पाठ करून पडला होता. विशी-बाविशीतला एक तरुण तळहाताने काचेवर थापा मारू लागला. त्याचे मित्र मोबाइलवर चित्रण करीत होते. नातीने माझ्याकडे पाहिले. दुसरी अट तिच्या अक्षरात माझ्या खिशात होती. परक्या तरुणाला चारचौघांत टोकायचे, तो उलट काही बोलला तर मुलांसमोर काय शोभा राहील, असे सर्व विचार क्षणात मनात येऊन गेले. बँकेत असताना थकबाकीदारांना मी कितीदा खडसावले असेल. परंतु पाठीशी खुर्ची असणे वेगळे आणि नुसते पांढरे केस असणे वेगळे.

मी पुढे गेलो आणि हात जोडले. प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे किंवा गोंगाट करणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. तेच सांगायचे मी ठरवले होते. तोंडून मात्र दुसरेच आले. "बाळ, तुझ्या वयाचा मुलगा मीही होतो. याच बागेत मी एका माकडाला पिशवीसकट केळी टाकली होती. पस्तीस वर्षे झाली, ते माकड अजून डोळ्यांसमोरून जात नाही." तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मग हात खाली घेतला, "सॉरी, काका" म्हणाला आणि मित्रांसह निघून गेला. जाताना त्याचे मित्र हसत होते. त्याला काय वाटले, ते मला सांगता येणार नाही. वाघाने कान हलवला, कूस बदलली नाही.

नातीने माझा हात धरला आणि पुढच्या ठिकाणापर्यंत सोडला नाही.

मुक्त पक्षिविहारात आम्ही सर्वाधिक वेळ रमलो, कारण तिथे जाळीच्या आत माणसांनीच चालायचे असते आणि पक्षी आजूबाजूला वावरत असतात. नंतर वाटेत कन्येने एक चांगली गोष्ट मुलांना सांगितली. बंदिस्त प्राणी कधी कधी एकाच रेषेत सारख्या येरझारा घालतो किंवा मान डोलावत राहतो. लोक त्याला "नाचतोय" म्हणतात. वास्तविक ते त्याच्या मनावरील ताणाचे लक्षण असू शकते. असे कुठेही दिसले तर हसू नये, आवाज कमी करावा आणि पुढे सरकावे. मुलांनी ते दिवसभर पाळले.

बाराच्या आत आम्ही बाहेर पडलो. लालबागला माझी मावसबहीण राहते. दशम्यांना तिथे गरम आमटी-भाताची जोड मिळाली. सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी घरी परतलो आणि वेळेत भोजन झाले.

जमाखर्च

रात्री मी कागद पूर्ण केला. डाव्या रकान्यात रेल्वेभाडे, तिकिटे, लालबागला जाण्यायेण्याचे भाडे. उजव्या रकान्यात तिकिटांइतकीच रक्कम, पांजरपोळीच्या नावे. नातवाने आपल्या वहीतल्या पाच खुणा मोजून दाखवल्या. नातीला मी विचारले, "आता तुझ्या प्रश्नाचे काय?"

ती म्हणाली, "प्रश्न आहेच. पण त्या वाघाला कोणीतरी झोपू दिले."

प्रिय वाचकहो, प्राणिसंग्रहालयात जावे की जाऊ नये, याचा निर्णय प्रत्येक घराने आपापल्या विवेकाने करावा. न जाणाऱ्यांविषयी मला आदर आहे. जाणाऱ्यांना मात्र माझी विनंती आहे की मुलांनी असा प्रश्न विचारला तर "लहान तोंडी मोठा घास" म्हणून त्यांना गप्प करू नये. सकाळी जावे, थोडे पाहावे, हळू बोलावे, हात रिकामे ठेवावेत. आणि आपल्या हातून कधी काही चुकले असेल तर ते मुलांना सांगावे. मी सांगायला पस्तीस वर्षे लावली; इतका विलंब करण्याचे काही कारण नव्हते.

यंदाच्या सुटीचा कागद नातीने स्वतःच मांडायला घेतला आहे. त्यात पहिल्या ओळीत पांजरपोळ आहे. तिथे तिकीट नसते. तेव्हा काय न्यायचे, याची यादी ती सध्या करीत आहे.

जय जिनेंद्र!